दोन तारे आणि एक इच्छा

ग्रिम्सबी
मंगळवार, ९ जानेवारी

लिअ‍ॅन,

शाळेच्या ऑफिसात तुझ्या नावाचं पाकीट बघून तुला वाटलं असेल, आली कुठल्या तरी पालकाची तक्रार. तक्रारच आहे, पण पालकाची नाही, धाकट्या भावाची. फोनवर तू मला ब्लॉक केलंयस आणि घरचा पत्ता दिलेला नाहीस, मग मी करणार काय. विंचेस्टरच्या तुझ्या शाळेच्या वेबसाइटवर तुझा फोटो सापडला. तिसरीचा वर्ग, मिस ऑडलिंग. लग्नाआधीचंच नाव आहे अजून. हिरवा स्वेटर चांगला दिसतो तुला.

काम असं आहे. मला इंग्रजीची परीक्षा परत द्यायचीय. परत म्हणजे परत परत. समुद्रात पवनचक्क्या लावल्यात ना, तिथे दुरुस्तीचं काम शिकायला पोरं घेतायत, पण इंग्रजीत पास हवं म्हणतात. शंभर मीटर उंच शिडीवर लोंबकळताना व्याकरण कशाला लागतं कुणास ठाऊक. पण लागतं. आणि मी नेमका अडकलोय तो 'गो'वर. बाकीची क्रियापदं कशी, शेपटीला 'एड' लावला की झाला भूतकाळ. हे 'गो' मात्र काल वेगळंच कुणीतरी असतं आणि 'हॅव' आलं की तिसरंच. मी आयुष्यभर 'आय हॅव वेंट' म्हणत आलो. आपल्या गल्लीत सगळेच म्हणतात. कुणाचं काही अडलं नाही.

अडलं ते एकदाच, तुझ्या जूलियनच्या आईवडिलांनी हॉटेलात जेवायला बोलावलं तेव्हा. आई म्हणाली, 'वी हॅव वेंट टू स्पेन वन्स.' तू हळूच म्हणालीस, "गॉन, आई." वर्गातल्या पोराला सांगावं तसं, गोड आवाजात. जूलियनची आई स्वतःच्या ताटलीकडे बघायला लागली. आई बाथरूमला गेली ती गोड पदार्थ येईपर्यंत आलीच नाही. नंतर फोनवर तुम्ही दोघी काय काय बोललात ते मला जिन्यात बसून ऐकू आलं, पण मी मध्ये पडत नाही. आणि जूलियनच्या गाडीच्या सीटखाली हॅडॉक माशाची कातडी कुणी ठेवली यावरही मी काही बोलत नाही. उन्हाळा होता, एवढंच.

तर मुद्दा: 'गो' कसं चालवायचं ते लिहून पाठव. साध्या भाषेत. आणि एकदा घरी ये. हा दुसरा मुद्दा आहे, पण खरा पहिलाच आहे.

आई बरी आहे. दमलेली असते. सध्या कारखान्यात जात नाहीये, विश्रांती घेतेय. चहा मीच करून देतो, कप अर्धाच भरतो. तिला न सांगता लिहितोय, तेव्हा उत्तर पाठवलंस तर माझ्या नावाने पाठव.

डेनी


फेब्रुवारी, बहुतेक सहा तारीख

लिअ‍ॅन,

तुझं उत्तर आलं. म्हणजे माझंच पत्र परत आलं. सगळीकडे हिरव्या शाईच्या खुणा, समासात छोटी छोटी टिकचिन्हं, आणि शेवटी तुमच्या शाळेतली ती पद्धत: दोन तारे आणि एक इच्छा.

तारा पहिला: तू स्वतःहून लिहिलंस.
तारा दुसरा: पत्ता अचूक आहे.
इच्छा: 'गो'ची रूपं पाठ करशील.

खाली चौकट आखून तिन्ही रूपं. आज 'गो', काल 'वेंट', 'हॅव'च्या पाठीमागे 'गॉन'. पट्टी घेऊन आखलीयस. सही नाही. 'आई कशी आहे' नाही. 'येते' नाही, 'येत नाही' पण नाही. वर्गातल्या पोरांना तरी तू नावाने हाक मारत असशील.

असो. चौकट कापून फ्रिजवर चिकटवली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर आई फ्रिजला हात टेकून त्या चौकटीसमोर उभी. दूध काढायचं होतं म्हणून उभी असेल म्हटलं, पण दार काही उघडेना. मी म्हटलं, माझ्या मास्तरीणबाईंनी दिलंय, अभ्यासाला. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी गपचूप टोस्ट भाजायला लागलो.

मी मासे तळतो त्या आमच्या दुकानात मात्र तुझ्या चौकटीचा उपयोग झाला. शनिवारी हॅडॉक संपला तेव्हा मी बाहेरच्या पाटीवर खडूने झोकात लिहिलं, 'हॅडॉक हॅज गॉन.' एक म्हातारा आत डोकावून विचारतो, "कुठं गेला रे?" मी म्हटलं, "विंचेस्टरला, सीटखाली बसून." मालकाने, बॅरीने, मला बटाटे सोलायला मागे पाठवलं. तळणीपुढे आठ तास उभं राहण्यापेक्षा ते बरं. हल्ली माझे पाय घरी पोचेपर्यंत दुसऱ्या कुणाचे तरी होतात. अंघोळ केली तरी तेलाचा वास जात नाही. मग घरी आल्यावर स्वयंपाक, कपडे, गोळ्या.

गोळ्या म्हणजे व्हिटॅमिनच्या.

सोबत एक कागद जोडलाय. मिसेस ओकाफोर म्हणून एक बाई येतात पंधरा दिवसांनी, त्यांनी दिलेल्या गाळलेल्या जागा. चित्रं आहेत, बसमध्ये चढणारी बाई, बाजारात गेलेला माणूस, आणि खाली लिहायचं: आज ती काय करते, काल तिने काय केलं. अक्षर वाकडं आहे कारण मी डाव्या हाताने लिहिलं, गंमत म्हणून. जरा तपासून दे. आणि यावेळी एक ओळ आईसाठी लिही. एकच. तारा नको, ओळ.

डेनी


मंगळवार, ५ मार्च

लिअ‍ॅन,

कागद परत आला. मी दुकानात होतो. पाकीट दारातून आत पडलं आणि ते आईने उचललं.

आता सगळं सरळ सांगतो. ती हो म्हणालीय, म्हणून सांगतोय.

ऑक्टोबरात आईला स्ट्रोक आला. कारखान्याच्या गेटपाशी, बसची वाट बघताना. शेजारच्या बेव्हने तोंड वाकडं झालेलं बघितलं आणि लगेच गाडी बोलावली म्हणून वाचली. उजवा हात अजून नीट चालत नाही. पाय चालतो, ओढत. आणि बोलणं गेलं. सगळं नाही. शिव्या शाबूत आहेत, एक ते वीस येतात, वाढदिवसाचं गाणं अख्खं येतं. मिसेस ओकाफोर, म्हणजे बोलायला शिकवणाऱ्या बाई, पहिल्यांदा घरी आल्या तेव्हा दार उघडून ही म्हणाली, "चहा, बदका?" सगळ्यांना लाडाने म्हणते तसंच, आणि इतकं स्वच्छ की बाईंना वाटलं आपण चुकीच्या घरी आलो. नेहमीचं, सवयीचं आपोआप बाहेर येतं. पण स्वतःचं काही सांगायला गेली की वस्तूंची नावं येतात आणि क्रियापद येतच नाही. आलं तर 'गो' येतं. काल पण 'गो', गेल्या वर्षी पण 'गो'. 'डेनी शॉप गो.' 'बेव्ह गो.' गेलो, जातोय की जाणारेय, आपणच ओळखायचं.

हॉस्पिटलात मी तुझ्या शाळेला फोन लावला होता. तिने चांगल्या हाताने फोन खेचून घेतला आणि पांघरुणाखाली घातला. काही बोलता येत नव्हतं, पण मला कळलं. सगळ्या ग्रिम्सबीने तिला असं बोलताना ऐकलं तरी चालेल, लिअ‍ॅनने नाही.

परीक्षेचं नुसतं नाव काढून मी तुला खोटं लिहिलं. कॉलेज नोव्हेंबरातच सोडलं. 'गो' मला शिकायचं होतं कारण तिला शिकवायचं होतं आणि मलाच येत नव्हतं. बाई पंधरवड्यातून एकदा येणार, बाकीचे दिवस घरात मी. मी 'आय हॅव वेंट' म्हणणारा, मी काय शिकवणार तिला. म्हटलं, आपल्याकडे इंग्रजीची एक मास्तरीण आहे, तिलाच विचारू.

आणि तो वाकड्या अक्षरातला कागद माझा नव्हता. तिचा होता. डाव्या हाताने तीच लिहिते. एकेका ओळीला तिला अर्धी दुपार लागली होती.

तू त्यावर काय लिहिलंस आठवतं ना? मी इथे उतरवतो, कारण मूळ कागद ती मला देत नाही. "डेनी, हे तू मुद्दाम करतोयस. माझ्या वर्गातली सात वर्षांची पोरं याहून बरं लिहितात. चेष्टा पुरे." तारे नाहीत. इच्छा नाही. प्रत्येक 'गो'वर हिरवी काट.

मी घरी आलो तेव्हा ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली होती. पाकीट दातांनी फाडलेलं. कागद समोर. दिवा पण लावला नव्हता. मला वाटलं, संपलं. हॉटेलात तू तिला एकदा दुरुस्त केलंस, त्याला दोन वर्षं झाली तरी ते बरं झालं नाही, आणि आता मी माझ्या हाताने तुझ्याकडून तिला दुसऱ्यांदा दुरुस्त करवून घेतलं. एवढी भारी चेष्टा मी आजवर कुणाची केली नव्हती.

मी सांगायला लागलो की लिअ‍ॅनला माहीत नाही, मी खोटं सांगितलं होतं, तिची चूक नाही. तिने हात वर केला. गप. मग कागदावर बोट ठेवून म्हणाली, "जांभळं."

मी म्हटलं, काय जांभळं? ज्यूस हवाय?

तिने मला एक ठेवणीतली शिवी दिली. मग पुन्हा, "जांभळं. पेन."

तुला आठवतं, तू शिकाऊ होतीस तेव्हा सुट्टीत वह्यांचा गठ्ठा घरी आणायचीस आणि इस्त्रीच्या टेबलावर तपासत बसायचीस? टीव्ही बारीक करायला लावायचीस. आई शिफ्टवरून आली की तुझ्या मागे उभी राहून विचारायची, हे काय, ते काय. तू सांगायचीस, बाईंनी हिरव्याने तपासायचं आणि मग पोरांनी जांभळ्याने उत्तर द्यायचं. जांभळ्याने उत्तर आलं नाही तर तपासणं पुरं होत नाही. मी विसरलो होतो. ती विसरली नव्हती. 'गो' विसरली, हे नाही.

घरात जांभळं पेन कुठलं. बेव्हच्या नातीकडून स्केचपेन आणलं, टोपणावर घोडा आहे. आणि आई बसली. तू जिथे जिथे काट मारलीस तिथे खाली जांभळ्याने, एकेक अक्षर. दोनदा फ्रिजपाशी जाऊन तुझी चौकट बघून आली. नंतर चौकटच काढून आणली आणि शेजारी ठेवली. मी बटाटे उकडले, ते गार झाले. तिने ताटलीला हात लावला नाही. जीभ ओठात धरून लिहीत होती, तू लहानपणी धरायचीस तशी.

दुसऱ्या दिवशी मिसेस ओकाफोर आल्या. हिरव्याने मारलेली काट बघून त्यांचं तोंड एवढंसं झालं. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "डेनी, हे कुणी केलं? अशा माणसाच्या लिहिण्यावर काट मारत नाहीत. चुकलं तरी थांबायचं. शब्द तुम्हाला माहीत असला तरी तोंडात द्यायचा नाही, तिला शोधू द्यायचा. एवढंच औषध आहे." मी म्हटलं, माझ्या बहिणीने केलं, ती शिक्षिका आहे. मग त्यांना जांभळं दिसलं. त्या खाली बसल्या आणि सगळा कागद वाचला. म्हणाल्या, "मॅक्सीन, हे सगळं तुम्ही?"

आई म्हणाली, "माझी पोरगी, बदका." आणि हिरव्यावर बोट ठेवलं. काटेवर.

मी तुझ्यावर रागावलो होतो. आजही आहे, पण दमलेला माणूस जेवढा रागावू शकतो तेवढाच. दाराला कडी लावायच्या आधीच राग झोपतो माझा. मला एवढंच सांगायचंय की त्या कागदावर तुझं अक्षर आहे म्हणून ती ते सोडत नाही. काय लिहिलंय याच्याशी तिला काही देणंघेणं नाही. उशीजवळ ठेवलाय.

डेनी


सोमवार, १८ मार्च

लिअ‍ॅन,

तेरा दिवस झाले, तुझं उत्तर नाही. तू काय करत असशील ते मला दिसतं. कागद पुढे घेऊन बसली असशील आणि हिरवं पेन हातात घेववत नसेल. चालेल. आमच्याकडूनच येतंय हे.

आईने तुला तपासलंय. सोबतची चिठ्ठी तिची आहे, मी फक्त कागद हलू नये म्हणून वर मिठाची बाटली ठेवली. तारे तिने काढलेत. दुसऱ्याला एक टोक जास्त आलंय, ते तसंच राहू दे म्हणाली, म्हणजे हात झटकून तसं सांगितलं.

तारा पहिला: अक्षर छान.
तारा दुसरा: स्वेटर हिरवा. (फोटो दाखवला मी तिला. बराच वेळ बघत होती. तू बारीक झालीयस असं तिचं म्हणणं. गाल ओढून दाखवले.)

आणि मग इच्छा. इच्छेपाशी ती अडकली. मला माहीत होतं काय हवंय तिला. साधं क्रियापद, तेवढंच. माझ्या जिभेवर होतं. मी सांगितलं असतं तर चहा संपायच्या आत चिठ्ठी पुरी झाली असती. पण बाईंनी बजावलंय. मी हात मांडीखाली घालून बसलो, लहानपणी चर्चमध्ये तू मला बसवायचीस तसा. ती एकदा खिडकीकडे बघायची, एकदा कागदाकडे. एक शब्द अर्धा लिहिला आणि खोडला. मला वाटलं रडणार. रडली नाही, शिवी दिली. शेवटी तिने क्रियापदाचा नादच सोडला आणि जे येत होतं तेच लिहिलं. वाच. तीन शब्द आहेत.

इच्छा: शुक्रवार. मासे. तीन.

गुड फ्रायडे एकोणतीसला आहे. त्या दिवशी ग्रिम्सबीत मासा न खाणारा माणूस म्हणजे काय ते तुला सांगायला नको. आमच्या दुकानापुढची रांग त्या दिवशी पार चौकापर्यंत जाते, बॅरी सकाळपासून देवाचं नाव सोडून बाकी सगळ्यांची नावं घेतो. मला सुट्टी मिळणार नाही. पण तीन मोठे तुकडे मी आधीच बाजूला काढून ठेवायला सांगितलेत. शेपटीकडचे नाहीत, मधले.

तिसरा कुणाचा ते तुला कळलं असेल. जूलियनला आणायचं तर आण, चौथा मी माझ्याकडून देईन. फक्त गाडीने येऊ नका. गाडी बघितली की माझे हात शिवशिवतात.

डेनी


शुक्रवार, सकाळी. दारावर चिकटवलेली चिठ्ठी

लिअ‍ॅन,

बेल वाजवू नकोस, तिला दचकायला होतं. किल्ली बेव्हकडे आहे.

तिची चिठ्ठी बुधवारी परत आली, खाली तुझं जांभळ्याने लिहिलेलं 'येते' आणि रेल्वेची वेळ. आईने ती फ्रिजवर लावली, चौकटीच्या वर. ती वेळ मी तिला वाचून दाखवली ती चूक झाली. तेव्हापासून घड्याळाकडे बघतेय. सकाळी आठपासून निळा ड्रेस घालून खुर्चीत बसलीय, बटणं मी लावलीत, एक वरखाली झालं असेल तर तसंच असू दे.

मी दुकानात आहे. दीडच्या सुमाराला तळणीवरून थोडा वेळ सुटेन, तेव्हा मासे घेऊन पळत येतो. मटार डब्यात आहेत, गरम करून ठेव. तिचा चहा अर्धा कप. कपाचा कान तिच्या डाव्या हाताकडे कर.

तू आत आलीस की ती तुला एक वाक्य बोलून दाखवणार आहे. दहा दिवस तयारी चाललीय, मिसेस ओकाफोरना पण आत घेतलंय. मला ऐकू देत नाहीत, दार लावतात. वाक्यात 'गो' आहे एवढं मला भिंतीतून कळलं. त्याचं कुठलं रूप येईल सांगता येत नाही, रोज वेगळं येतं. तिला वेळ लागेल. खूप लागेल. मध्येच थांबेल आणि तुझ्याकडे बघेल, आणि तुला शब्द माहीत असेल.

देऊ नकोस. हात मांडीखाली घालून बस आणि थांब.

डेनी